सही करण्याआधी एकदा अप्पांच्या घरी जा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या एका गावातून ४६ वर्षांच्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. त्यांचं औषधांचं दुकान आहे. गावातल्या सेवा क्लबच्या त्या जुन्या सभासद असून येत्या १ जुलैला क्लबच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष होणार आहेत. क्लबचा एक नोंदणीकृत ट्रस्ट आहे. रुग्णवाहिका आणि रुग्णसाहित्य केंद्र त्याच्या नावावर चालतं. अध्यक्ष झालं की ट्रस्टचं विश्वस्तपद आणि बँकेतली सही ओघानं येते, असा रिवाज आहे. मावळत्या सचिवांनी कागदांची पिशवी हातात दिली, ती त्यांनी घरी उघडून पाहिली. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीवर सात विश्वस्त, त्यातले तीन हयात नाहीत. बारा वर्षांत एकही चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची खबर, गेलेला नाही. वॉकर, वॉटरबेड, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर देताना घेतलेली अनामत रोख, एका ज्येष्ठ माजी अध्यक्षांच्या घरच्या कपाटात. ट्रस्टची ठेव त्यांच्याच ओळखीच्या पतसंस्थेत. गेल्या वर्षी पदग्रहण समारंभाचं जेवण नेत्रशिबिराच्या देणग्यांतून झालं. आणि एका सभासदाचे अमेरिकेतले चुलतभाऊ डायलिसिस मशिनसाठी डॉलर पाठवणार आहेत, ते "इथल्या भावाच्या खात्यावर मागवू" असं ठरतंय. या ज्येष्ठांना सगळे अप्पा म्हणतात. क्लब त्यांनी उभा केला, करोनात घरोघरी कॉन्सन्ट्रेटर त्यांनीच पोचवले. ते म्हणाले, "हे सगळं असंच चालतं, सीए बघतो. तू फक्त सही कर." यजमानांचा धंदा याच मंडळींच्या ओळखीवर आहे. "बाई आली आणि खुसपटं काढायला लागली" हे ऐकायची भीती आहे. त्या विचारतात: सही करू, पद नाकारू, की तक्रार करू?

ताई,

तुम्ही तीन पर्याय लिहिलेत आणि तिन्हींच्या पोटात एकच गोष्ट धरून चालला आहात, की या गोंधळामागे कोणीतरी दोषी आहे. सही केली तर त्याला साथ दिली, पद नाकारलं तर पळ काढला, तक्रार केली तर त्याला पकडून दिलं. तुमच्या पत्रात मी पैसे खाल्ल्याची एखादी खूण शोधत होतो. सापडली नाही, आणि तुम्हीही तसं कुठे म्हणत नाही. मग दोषाचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. प्रामाणिक माणसाच्या हातूनही असा कारभार होतो. उलट त्याच्याच हातून तो जास्त वर्षं चालतो, कारण त्याला विचारायला कोणी धजत नाही.

आता जरा अशुभ बोलतो. उद्या अप्पांना काही झालं तर कपाटातली ती रक्कम कोणाची? त्यांच्या मुलांना कपाटात नोटांची पुडकी सापडतील. वॉटरबेड परत करून अनामत मागायला आलेल्या माणसाला ते काय सांगणार? क्लबात कुजबुज होईल, घरात भांडण होईल, आणि ज्या माणसानं आयुष्य या कामात घातलं त्याच्या नावापुढे गाव नको तो शब्द जोडेल. खुलासा करायला ते नसतील. कागद नीट झाले तर सगळ्यांत आधी अप्पा सुटतात. हे तुम्हाला पटलं तर पुढचं संभाषण निम्मं सोपं होईल.

तुमच्या दुकानात एच-वन औषधांचं, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशा औषधांचं, वेगळं रजिस्टर असतं. २०१४ पासून ते ठेवावं लागतं, तीन वर्षं जपावं लागतं. नेहमीच्या ओळखीच्या आजींना क्षयाच्या गोळ्या देताना तुम्ही त्यांचं नाव त्यात लिहिता, तेव्हा तुमच्या मनात आजींविषयी संशय असतो का? क्लबच्या वहीकडे त्याच नजरेनं बघा आणि अप्पांनाही तसंच सांगा. तुमच्या धंद्यामुळे ही गोष्ट तुम्ही इतरांपेक्षा सहज सांगू शकाल.

दुसरं गृहीतक मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अध्यक्ष झालं की विश्वस्तपद "ओघानं" येतं, असं तुम्ही लिहिलंत. कशावरून? ट्रस्ट डीडमध्ये, म्हणजे ट्रस्ट स्थापन करणाऱ्या मूळ दस्तात, तसं कलम आहे का? अशा क्लबांत एकाच फलकाखाली दोन-तीन वेगळ्या संस्था नांदत असतात आणि कोणाला त्यांच्या सीमा ठाऊक नसतात. एक, आंतरराष्ट्रीय संघटनेची सनद मिळालेला क्लब, ज्याचा अध्यक्ष दर १ जुलैला बदलतो. दुसरा, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला ट्रस्ट. पत्रिकेवरच्या नोंदणी क्रमांकाआधी 'ई' असेल तर तो ट्रस्ट. 'एफ' असेल तर ती १८६० च्या कायद्याखालची सोसायटी, आणि मग तिची घटना, तिचे सभासद, तिच्या निवडणुका हे प्रकरण आणखी वेगळं. वरच्या संघटनेचे नियम पाळले म्हणजे कायदा पाळला असं होत नाही, आणि उलटही नाही.

डीडमध्ये लिहिलं नसेल, तर गेल्या बारा वर्षांतल्या प्रत्येक अध्यक्षानं विश्वस्त नसताना विश्वस्त म्हणून सह्या केल्या आहेत. हे ऐकून घाबरू नका, पण तेराव्या तुम्ही होऊ नका. डीडची प्रत पिशवीत नसेल तर जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करून तिची आणि शेड्यूल-वनच्या उताऱ्याची (ट्रस्टची तिथली अधिकृत नोंद) सही-शिक्क्याची प्रत काढा. फी किरकोळ असते. फेऱ्या मात्र होतात, म्हणून हे आजच सुरू करा.

"सीए बघतो" या वाक्याचंही बघू. हिशेब तपासणारा त्याच्यासमोर ठेवलेल्या वह्या तपासतो. संस्था चालवायची जबाबदारी विश्वस्तांची असते, आणि दुर्लक्षामुळे ट्रस्टचं नुकसान झालं तर भरपाई विश्वस्ताकडून वसूल होऊ शकते. पण इथे एक गंमत आहे. धर्मादाय कायद्याखालच्या लेखापरीक्षकाला ठरावीक प्रश्नांची उत्तरं अहवालात लिहावीच लागतात: हातातली रोकड वहीशी जुळली का, ट्रस्टचे पैसे कुठे ठेवायचे ते सांगणारं कलम ३५ सोडून ते कुठे गुंतवलेत का, विश्वस्तांची संख्या डीडप्रमाणे आहे का, प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्तांची वही, ठेवलंय का. गेल्या पाच वर्षांचे अहवाल मागवून शेवटची पानं वाचा. तुमच्या पिशवीत तुम्हाला जे दिसलं ते सीएनं दर वर्षी लिहून दिलं असण्याची शक्यता बरीच आहे. ते पान कोणी उघडलेलं नसतं, कारण सगळ्यांना फक्त ताळेबंदाचं पान हवं असतं, तेही बँकेला द्यायला.

यात क्लबांची एक खास अडचण आहे, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. अध्यक्षाचं वर्ष जुलै ते जून, हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च. तुमच्या कारकिर्दीतले पहिले नऊ महिने एका ताळेबंदात, शेवटचे तीन पुढच्यात. आणि पदभार घेतल्यावर तुमच्यासमोर सहीला जो पहिला ताळेबंद येईल, त्यातला एक रुपयाही तुम्ही खर्चलेला नसेल. दर वर्षी नवा माणूस आधीच्याच्या खर्चावर सही करतो, म्हणून दर वर्षी कोणीच जबाबदार नसतं. यावर उपाय साधा आहे. ३० जूनला अर्धवट का होईना पण हिशेब कापायचा: बँकेच्या खात्यांची यादी आणि त्या दिवशीची शिल्लक, हातातली रोकड, येणी-देणी, साहित्याची मोजदाद, चालू प्रकल्पांची स्थिती. मावळत्या आणि नव्या अध्यक्षांच्या, सचिवांच्या, खजिनदारांच्या सह्या. एका दुपारचं काम आहे, आणि पदग्रहण समारंभाच्या हारतुऱ्यांपेक्षा त्याला जास्त किंमत आहे.

आता दुरुस्त्यांचा क्रम. तो जुन्या-नव्याप्रमाणे लावू नका, धोक्याप्रमाणे लावा. तुमच्या पत्रात रुग्णवाहिकेबद्दल जेमतेम एक वाक्य आहे, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी तिचीच वाटते. आरसी कोणाच्या नावावर आहे? विमा चालू आहे का, फिटनेस संपलंय का, चालकाचं लायसन्स त्या गाडीला लागू आहे का? चेंज रिपोर्ट बारा वर्षं थांबला, आणखी दोन महिने थांबेल. विमा नसलेली गाडी पेशंट घेऊन आज रात्रीच रस्त्यावर असेल. यातलं काही कमी असेल तर पूर्ण होईपर्यंत गाडी उभी ठेवा. लोक बोलतील. बोलू देत.

अनामतीचे पैसे हे ट्रस्टचं उत्पन्न नाही, लोकांचं देणं आहे. ताळेबंदात ते देण्याच्या बाजूला दिसायला हवेत. बहुधा तुमच्याकडे ते कुठल्याच बाजूला दिसत नसणार. साहित्याच्या रजिस्टरवरून बाहेर असलेल्या वस्तू आणि त्यांची अनामत यांची यादी करा. मग अप्पांच्या घरी, अप्पांच्या समोर, खजिनदाराला घेऊन रोकड मोजा आणि एका कागदावर तिघांच्या सह्या घ्या. आकडा जुळला नाही तर जेवढा निघाला तेवढाच लिहा. जुळवण्यासाठी कोणी खिशातून पैसे घालू नयेत, अप्पांनीही नाही. फरक का पडला ते शोधता येतं: कोणीतरी वॉकर परत केला आणि खोडलं नाही, कोणाला गरीब म्हणून अनामत माफ केली. पण भरून काढलेला फरक शोधता येत नाही. रक्कम ट्रस्टच्या बँक खात्यात भरा आणि पुढची अनामत शक्य तिथे खात्याच्या क्यूआरवरच घ्या. रोख घेतली तर स्थळप्रतीची पावती.

पतसंस्थेतली ठेव. कलम ३५ प्रमाणे ट्रस्टचे शिल्लक पैसे शेड्यूल्ड बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे इथेच ठेवता येतात. दुसरीकडे ठेवायचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पतसंस्था ही बँक नव्हे. व्याज अर्धा टक्का जास्त मिळतं हे मला माहीत आहे. बुडालेल्या पतसंस्थांच्या दारात ताटकळलेले ठेवीदारही महाराष्ट्रानं पाहिले आहेत. मुदत संपताच ठेव हलवा. मुदत लांब असेल तर मोडल्यावर काय तोटा होतो ते विचारून विश्वस्तांच्या सभेत ठराव करा. हा विषय अप्पांना बोचेल, कारण इथे त्यांची ओळख गुंतली आहे. म्हणून तो पहिल्या भेटीत काढू नका.

जेवणाचा विषय छोटा आहे आणि लोक त्यावरच सगळ्यात जास्त भांडतील. लायन्ससारख्या संघटनेत तर स्पष्ट दंडक आहे की लोकांकडून सेवाकार्यासाठी जमवलेला पैसा प्रशासनाच्या खर्चाला वापरायचा नाही. सभासदांची वर्गणी एका खात्यात, लोकांचा पैसा दुसऱ्यात. तुमची संघटना कोणतीही असो, हे विभाजन उचला. झालेल्या जेवणाचे पैसे सभासदांनी वर्गणी काढून नेत्रशिबिराच्या खात्यात परत भरावेत, चर्चा न वाढवता. त्या देणग्यांवर ८०जीच्या, म्हणजे देणगीदाराला करसवलत देणाऱ्या, पावत्या दिल्या असतील तर ही भरपाई जास्तच गरजेची. २०२१-२२ पासूनच्या देणग्यांसाठी देणगीदारांची यादी पुढच्या ३१ मेच्या आत प्राप्तिकर खात्याला कळवावी लागते, तेव्हाच त्यांना सवलतीचं प्रमाणपत्र मिळतं. ती यादी जाते का, हे सीएंना विचारा. दोन हजारांवरच्या रोख देणगीवर तर सवलत मिळतच नाही, हे पावती फाडणाऱ्या सभासदालाही सांगून ठेवा. आणि प्राप्तिकराच्या नोंदणीची मुदत बघा. २०२१ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीखाली ज्या जुन्या संस्थांनी पुन्हा नोंदणी केली, त्यांतल्या बहुतेकांची पाच वर्षं मार्च २०२६ मध्ये भरली. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू असल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे जुने आकडे पाठ करण्यात अर्थ नाही. सीएंना कामाचं नाव घेऊन विचारा: नोंदणी कधी संपते, देणगीदारांची यादी गेली का, विवरणपत्र भरलं का.

डॉलरच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला अजिबात सूट देणार नाही. प्रश्न एकच विचारा: त्या चुलतभावांचा पासपोर्ट कोणत्या देशाचा? भारताचा असेल आणि ते स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असतील तर ती परकीय देणगी धरत नाहीत. नेहमीसारखी पावती द्या. त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरीही, २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली ती परकीय देणगी झाली. मग केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा त्या देणगीपुरती पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. रुपयांत दिला तरी यात फरक पडत नाही. भावानं स्वतःच्या घरखर्चाला पैसे मागवणं वेगळं आणि संस्थेसाठी स्वतःचं खातं वाट म्हणून वापरू देणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तो भाऊही अडकतो. ज्या जवळच्या धर्मादाय रुग्णालयाकडे ही नोंदणी आहे, त्यांना चुलतभावांनी थेट द्यावं. मशिन तिथे बसेल. खरं सांगायचं तर ते तिथेच बसायला हवं. डायलिसिसला नुसतं मशिन लागत नाही. शुद्ध पाण्याचा प्लांट, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि डॉक्टरची देखरेख लागते. क्लबच्या सभागृहात मशिनला हार घालून फोटो काढले जातात, आणि मग वर्षभर त्यावर आच्छादन असतं. असं किती ठिकाणी झालंय ते तुमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही सरकारी डॉक्टरला विचारा.

राहिला चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलला, वारला, नवा आला, की ९० दिवसांत कलम २२ खाली कळवायचं असतं. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडून, कारण देऊन दाखल करतात. धर्मादाय कार्यालयात असे अर्ज रोज येतात, तुमचा पहिला नाही. दिवंगत विश्वस्तांचे मृत्यू दाखले, सभेची नोटीस, हजेरी, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं हे सगळं लागेल. हे काम करणारा स्थानिक वकील गाठा. नेमणूक कोणी करायची हेही डीडच सांगेल. बहुधा ती नोंदीवरच्या हयात चार विश्वस्तांच्या सभेत व्हावी लागेल, क्लबच्या सभेत नाही. चौघांत गणपूर्ती होते का तेही बघा.

इथे कोणीतरी तुम्हाला एक सोपी युक्ती सुचवेल. बारा वर्षांची प्रोसिडिंग एका रात्रीत लिहून काढू. कधी निळं पेन, कधी काळं, मध्ये चहाचा एखादा डाग. सह्या घ्यायला गाडी फिरवू. ताई, तिथे ठाम नाही म्हणा. आतापर्यंत जे आहे ते दुर्लक्ष आहे, आणि दुर्लक्षाला माफीचा अर्ज असतो. मागच्या तारखेचे ठराव ही बनावट कागदपत्रं होतात, आणि त्यांत तुमची सही असेल. सभा झाल्या नसतील तर "या काळात सभांची इतिवृत्तं उपलब्ध नाहीत" असा एक ठराव आजच्या तारखेला करा. वाचायला लाजिरवाणं वाटेल, पण खरं आहे आणि टिकेल.

आता अप्पा. पहिलं बोलणं सभेत नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच. त्यांच्या घरी जा, एकट्या जा. यजमानांना नेऊ नका, कारण मग बोलणं पुरुषांत होईल आणि धंद्याचा संदर्भ न बोलता तिथे बसेल. काय म्हणाल ते साधारण असं: "अप्पा, तुम्ही उभं केलेलं मला सांभाळायचंय. तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे, मला नाही. माझ्यानंतर येणाऱ्याला तर काहीच माहीत नसेल. तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर आणायला मला तीन महिने तुमची मदत हवी." मग गप्प बसा. ते रागावतील, कदाचित तुमचा विश्वास नाही का म्हणून विचारतील. "विश्वास आहे म्हणून तुमच्याकडे आले, नाहीतर वकिलाकडे गेले असते," एवढं उत्तर पुरे. रुग्णवाहिकेचे कागद आणि अनामतीची मोजदाद, या दोनच गोष्टी त्या दिवशी मागा. कागदपत्रं पूर्ण करण्यासाठी एक छोटी समिती करा आणि तिचे प्रमुख अप्पाच असू देत. काम तुम्ही आणि सचिव कराल, पण कपाटाची किल्ली त्यांच्या हातून यायला हवी. ती हिसकावली असं गावात झालं तर पुढची दहा वर्षं क्लब त्याच भांडणात राहील.

खुसपटं काढणारी बाई हे बिरुद मिळेलच, त्यातून सुटका दिसत नाही. हेच काम एखाद्या निवृत्त बँक मॅनेजर पुरुषानं केलं असतं तर त्याला शिस्तीचा म्हणाले असते. ते मनाला लावून घेण्यापेक्षा क्लबातल्याच एका अशा निवृत्त माणसाला समितीत घ्या. बँकेतून, महसूलमधून किंवा लेखा विभागातून निवृत्त झालेला कोणीतरी प्रत्येक क्लबात असतो आणि त्याला वंदनाच्या वेळी माईक धरण्यापलीकडे काम दिलेलं नसतं.

तर सही करायची का? क्लबचं अध्यक्षपद घ्या. बारा वर्षांत ही पिशवी घरी नेऊन वाचणाऱ्या तुम्ही पहिल्या दिसताय, आणि ती पुन्हा कोणा न वाचणाऱ्याच्या हातात देण्यात मला शहाणपण दिसत नाही. विश्वस्तपदाच्या संमतीपत्रावर मात्र डीड वाचल्यावर आणि तुमची नेमणूक करणारा ठराव डोळ्यांनी पाहिल्यावरच सही करा. बँकेत दोन सह्यांची अट घाला आणि कोऱ्या चेकवर कधीही सही करू नका, गावाला निघाला असाल तरीही. पदभार घेतल्याच्या दिवशी, तुम्हाला कोणते कागद मिळाले आणि कोणते मिळाले नाहीत याचं साधं पत्र सचिवांना द्या आणि पोच घ्या. त्यात आरोप नको, फक्त यादी. पुढे काही निघालं तर तुमचा काळ कुठून सुरू झाला हे त्या कागदावरून ठरेल.

तक्रारीचा रस्ता बंद झालेला नाही, फक्त तो शेवटचा आहे. लेखी मागूनही डीड आणि बँकेची पुस्तकं दाखवली जात नाहीत, ट्रस्टची जागा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकायचं घाटतंय, रजिस्टर "हरवलं" असं अचानक कळतं, यातलं काही झालं तर मग नात्याचा विचार थांबवा. आधी वरच्या संघटनेच्या जिल्हा पदाधिकाऱ्यांना लेखी कळवा, आणि तिथे नुसतं समजावणं झालं तर धर्मादाय आयुक्तांकडे जा. हिशेब आणि अहवाल वारंवार न देणाऱ्या विश्वस्ताला पदावरून दूर करण्याचा अधिकार कायद्यानं त्यांना दिला आहे. पण हे पाऊल उचलायच्या आधी तुमच्याकडे तुमची पत्रं आणि पोच असलेली फाइल हवी. ऐकीव गोष्टींवर तिथे कोणी ऐकत नाही.

हे वाचणाऱ्या इतर मंडळींपैकी बरेच जण अध्यक्ष नसतील, साधे सभासद असतील. तुम्हाला कपाट उघडायला सांगत नाही. पुढच्या वार्षिक सभेत तीन कागद मागा: शेड्यूल-वनचा ताजा उतारा, लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांसह शेवटचा अहवाल आणि संस्थेच्या सगळ्या बँक खात्यांची यादी. एकट्यानं मागू नका, दोघं-तिघं ठरवून मागा, आणि आवाज चढवू नका. पहिल्या वर्षी मिळणार नाहीत, दुसऱ्या वर्षी कोणीतरी आधीच झेरॉक्स काढून आणेल.

ताई, एक तारीख लिहून ठेवा. तुमची नेमणूक १ जुलैला झाली असं धरलं तर ९० दिवस २९ सप्टेंबरला भरतात. ठरावाची तारीख त्याआधीची असेल तर तिथून मोजा. जुने चेंज रिपोर्ट रखडले असले तरी तुमचा स्वतःचा या मुदतीत दाखल करता येईल का, हे वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा, आणि त्या भेटीला जाताना तिघांचे मृत्यू दाखले सोबत न्या. ते मागायला त्या घरांत तुम्हाला जावं लागेल. अप्पांना बरोबर न्या.